रायफल झिरो करणे

माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) किंवा दुर्बीण अशी जुळवायची, की ठरलेल्या अंतरावर जिथे नेम तिथेच गोळी. याला झिरोइंग म्हणतात. चांदमारीच्या मैदानावर नुसते ‘रायफल झिरो केली का?’ असे विचारतात. नाशिकला ही भाषा परकी नाही. त्र्यंबक रस्त्याला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, १९३७ सालचे भोसला मिलिटरी स्कूल आहे आणि देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय. तोफेचा मारा पल्ल्याच्या तक्त्यांवर चालतो. कोणत्या अंतरावर गोळी किती खाली उतरते हे सांगणारा रायफलचा तक्ता हे त्याचेच धाकटे भावंड.

गोळी सरळ जाते हा गैरसमज. नळी सोडल्यापासूनच ती खाली येऊ लागते, म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. पॉइंट बावीसची (०.२२ इंच व्यासाची) साधी गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते आणि ५० मीटरपर्यंत नळीच्या रेषेखाली साधारण १२ सेंमी उतरते. दुर्बीण नळीच्या ४ सेंमी वर बसवून ५० मीटरला झिरो केली, तर गोळी पंधरा-वीस मीटरवर नजरेची रेषा ओलांडून वर जाते, ५० ला पुन्हा तिच्यावर येते आणि १०० मीटरला चांगली वीतभर खाली लागते.

हे आकडे काडतुसाच्या खोक्यावर किंवा उत्पादकाच्या तक्त्यात मिळतात. सुरुवातीचा वेग, गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट (हवा कापत वेग टिकवण्याच्या क्षमतेचा आकडा) आणि दुर्बिणीची उंची दिली की मोबाइलवरही हिशेब निघतो. पण छापील वेग कारखान्याच्या चाचणी-नळीतला असतो. आपल्या नळीचा खरा वेग क्रोनोग्राफ हे वेगमापक यंत्रच सांगते. तक्ते बहुधा समुद्रसपाटीच्या हवेसाठी मांडलेले असतात. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, इथली हवा पाच-सहा टक्के विरळ. निफाडचा जानेवारी आणि नाशिकचा मे यांत काडतुसातल्या दारूचे जळणेही सारखे नसते. अर्थात ५० मीटरला यातले काही जाणवत नाही, तीनशेच्या पुढे मात्र जाणवते. जवळच्या अंतरावर आडवा वाराच जास्त छळतो.

तक्त्याने फक्त सुरुवात होते. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच ठिकाणी नेम धरून ५ गोळ्या झाडतात आणि भोकांच्या गटाचा मध्य मोजतात. एका गोळीवरून दुर्बीण फिरवणे हा नवशिक्यांचा हमखास उतावीळपणा. दुर्बिणीची दुरुस्ती कोनाच्या मिनिटांत मोजतात. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरला तो २.९ सेंमी भरतो, ५० ला त्याच्या निम्मा. पाव मिनिटाचा क्लिक (दुर्बिणीच्या चकतीचा एक खटका) असलेल्या दुर्बिणीवर, ५० मीटरला गट ३ सेंमी खाली पडला तर ८ क्लिक वर. दुर्बीण नसलेल्या साध्या रायफलवर गफलत होते ती माशीपाशी: गोळ्या डावीकडे पडत असतील तर माशीही डावीकडेच सरकवायची, मागची खाच मात्र उजवीकडे.

काडतुसांचा लॉट बदलला की पुन्हा ५ गोळ्या.