मिसिसिपीची जुनी पात्रं जलरंगात

खालच्या टप्प्यात मिसिसिपी सपाट गाळाच्या मैदानातून वाहते आणि सतत कूस बदलते. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी वेगाने आदळून काठ खचतो, आतल्या काठाशी वाळू साचते. वळण फुगत जातं, त्याची मान चिंचोळी होते आणि एखाद्या पुरात नदी ती मान फोडून सरळ निघते. 26 एप्रिल 1876 रोजी अमेरिकेतल्या व्हिक्सबर्ग शहरापाशी हेच घडलं. शहराच्या दारातली नदी दूर गेली. असं तुटलेलं वळण म्हणजे नालाकृती सरोवर.

1944 मध्ये भूशास्त्रज्ञ हॅरल्ड फिस्क यांनी नदीने सोडलेली ही जुनी पात्रं 15 नकाशांवर रंगीत पट्ट्यांनी मांडली. हवाई छायाचित्रं आणि सुमारे 16,000 विंधन छिद्रांच्या नोंदी त्यामागे होत्या. ते नकाशे छापील आहेत, पण त्यांची मांडणी जलरंगात उत्तम उतरते. फक्त क्रम उलटा धरावा लागतो.

जलरंग पारदर्शक, म्हणून आधी जुनं पात्र आणि त्यावर नवं, असं सुचतं. तिथेच घोटाळा होतो. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा दिसतो आणि वाचणाऱ्याला तो तिसराच कालखंड वाटतो. प्रत्यक्षात नवी नदी जुना गाळ खणून नेते, त्या जागी जुनं काही उरतच नाही. म्हणून 300 जीएसएमच्या (जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत, कागदावर आजचं पात्र मास्किंग फ्लुइडने, म्हणजे रंग बसू न देणाऱ्या आणि नंतर सोलून काढायच्या द्रवाने, झाका. मग सर्वांत अलीकडचा जुना पट्टा रंगवा, पूर्ण वाळू द्या. त्याहून जुना पट्टा त्याच्या कडेशी थांबवा. ओल्या पट्ट्याला दुसरा टेकला की पाणी आत घुसून फुलकोबीसारखे डाग पडतात. मास्किंगवर ड्रायरची गरम हवा मारू नका आणि ते दिवसभराहून जास्त ठेवू नका. कागदाचा पापुद्रा निघतो. थॅलो निळा हा गडद निळा रंग कागदात मुरतो, चूक पुसता येत नाही.

वळणांचं मापही तपासा. नागमोडी नदीत एका पूर्ण वळणजोडीची (एक डावं आणि एक उजवं वळण) लांबी पात्राच्या रुंदीच्या साधारण 10 ते 14 पट असते. कागदावर नदी 4 मिलिमीटर रुंद असेल तर ही लांबी 40 ते 56 मिलिमीटर हवी. त्याहून फार आखूड झाली, तर नदी नव्हे, नक्षी होते.

पट्ट्यांवर सालं लिहिताना जपा. फिस्क यांच्या काळी कार्बन कालमापन, म्हणजे जुन्या अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढण्याची पद्धत, नव्हतं. त्यांचा प्राचीन पात्रांचा कालक्रम पुढे चुकीचा ठरला. 1765, 1820, 1880 अशी नोंद असलेलीच सालं लिहा, बाकी पट्ट्यांना क्रमांक द्या.