कुमिक आणि काझीकुमुख: नावे जुळतात, माणसे वेगळी

रशियातल्या कॅस्पियन समुद्राकाठच्या दागेस्तानच्या जुन्या नकाशावर ‘काझीकुमुख’ दिसले की तो कुमिकांचा मुलूख समजण्याची चूक हमखास होते. काझीकुमुख किंवा नुसते कुमुख हे डोंगरातले गाव आणि ते लाक लोकांचे. जुन्या लिखाणातले ‘काझीकुमुख लोक’ म्हणजे हेच लाक. कुमिक राहतात खाली, तेरेक नदी ते कॅस्पियन किनारा या मैदानात आणि पायथ्याशी: खासावयुर्त, बुयनाक्स्क, राजधानी मखाचकलाशेजारचे तार्की. त्यात भर अशी की कुमिक स्वतःला ‘कुमुक’ म्हणवतात, आणि लाक आपल्या गावाला ‘गुमुक’. २०१०च्या रशियन जनगणनेत कुमिक सुमारे ५ लाख ३ हजार होते, लाक सुमारे १ लाख ७९ हजार.

घोळ वाढवला तो शामखाल राजांनी. त्यांची गादी आधी कुमुखला होती. १७व्या शतकाच्या मध्यास ती तार्कीला गेली आणि कुमुखकरांनी आपली सत्ता वेगळी केली. म्हणून कागदात ‘शामखाल’ आला की आधी साल पाहावे. गादी हलल्यानंतरचा शामखाल तार्कीचा, आणि ती गादी रशियाने १८६७मध्ये मोडली.

भाषा ऐकल्या तर शंकाच उरत नाही. कुमिक ही तुर्की कुळातल्या किपचाक शाखेची. तिच्यात प्रत्यय शब्दातल्या स्वरांशी जुळवून घेतो: घोडा ‘आत’, घोडे ‘आतलार’; पण घर ‘उय’, घरे ‘उयलेर’. लिंगभेद मुळीच नाही. आपल्या ‘आला, आली, आले’ या तिन्हींना तिथे एकच ‘गेल्दी’. लाक ही ईशान्य कॉकेशियन कुळातली. तिच्यात नामांचे चार वर्ग आहेत आणि त्यांप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलते, म्हणजे या बाबतीत ती मराठी माणसाला अधिक ओळखीची वाटेल. ‘एक’ कुमिकमध्ये ‘बिर’, लाकमध्ये ‘त्सा’.

लिपीवर मात्र भिस्त ठेवू नका. दोन्ही भाषा अरबीतून १९२८च्या सुमारास लॅटिनमध्ये आणि १९३८मध्ये सिरिलिकमध्ये गेल्या. एक खूण तेवढी उपयोगी पडते: अक्षरांमध्ये दंडासारखी उभी रेघ वारंवार दिसली तर मजकूर कुमिक नाही, लाक असू शकतो. शेजारच्या अवार आणि चेचेन भाषाही ती वापरतात.

खिंकाल हा पिठाच्या तुकड्यांचा पदार्थ दोघांच्याही घरी शिजतो, मांसाच्या रश्शात, आणि लसणीबरोबर खातात. कुमिक पीठ पातळ लाटून चौकोनी तुकडे कापतात. लाक पिठाच्या वळकटीचे छोटे तुकडे करून अंगठ्याने दाबतात, म्हणून तो शिंपल्यासारखा दिसतो.

आज ही दोन नावे शेजारी येतात ती जमिनीच्या वादात. १९४४मध्ये चेचेनांना हद्दपार केल्यावर डोंगरातल्या लाकांना त्यांच्या रिकाम्या गावांत वसवले. तार्कीच्या कुमिकांनाही तेव्हा तशाच रिकाम्या गावांत हलवले होते. १९९०च्या दशकात चेचेनांची गावे परत करायची म्हणून लाकांना मखाचकलाच्या उत्तरेला जागा नेमून दिली. ती जमीन कुमिक आपली मानतात. तिथल्या बातमीत नवी घरे बांधणारे लाक, आणि हरकत घेणारे कुमिक.