किरणोत्सर्ग-सहनशील प्लास्टिके : अणुउद्योगातील निवड

अणुभट्टी, इंधन पुनर्प्रक्रिया कारखाना, हॉट सेल (जाड भिंतींआडून किरणोत्सारी पदार्थ हाताळायची खोली), गॅमा किरण सोडणाऱ्या कोबाल्ट-६० चे विकिरण केंद्र अशा ठिकाणी गॅमा किरण आणि न्यूट्रॉन यांचा मारा सोसूनही ज्यांचे गुणधर्म कामापुरते टिकतात, ती किरणोत्सर्ग-सहनशील प्लास्टिके. केबलचे वेष्टण, व्हॉल्व्हची सीट, पंपाचे सील, बेअरिंग, विद्युत जोडण्या यांना प्लास्टिकच लागते. धातू वीज अडवत नाही आणि चिनी माती वाकत नाही. व्याख्येतला ‘कामापुरते’ हा शब्द मात्र नीट लक्षात ठेवायला हवा. एका जागी भक्कम ठरलेले प्लास्टिक शेजारच्याच जागी वर्षभरात तडकू शकते.

एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा १ ग्रे होते. सर्वांगाला एकदम ४ ते ५ ग्रे मात्रा मिळाली, तर उपचारांशिवाय माणूस दगावण्याची शक्यता मोठी असते. प्लास्टिकचा हिशेब किलोग्रे (हजार ग्रे) आणि मेगाग्रेमध्ये (दहा लाख ग्रे) चालतो. मुंबईत ट्रॉम्बे येथे १९७४ साली सुरू झालेल्या आयसोमेड केंद्रात वैद्यकीय साहित्य कोबाल्ट-६० ने निर्जंतुक केले जाते. या कामाची रूढ मात्रा २५ किलोग्रे आहे. साध्या पॉलिप्रॉपिलिनच्या सिरिंजला एवढी मात्राही जड जाते. ती पिवळी पडते आणि कपाटात नुसती ठेवलेली असतानाही पुढचे काही महिने ठिसूळ होत राहते. म्हणून सिरिंजसाठी मुद्दाम स्थिर केलेले पॉलिप्रॉपिलिन वापरतात.

प्लास्टिक म्हणजे पॉलिमर, रेणूंच्या लांबलचक साखळ्या. गॅमा किरण त्यात शिरले की इलेक्ट्रॉन उडवतात, रासायनिक बंध तुटतात आणि मुक्त मूलके, म्हणजे चटकन अभिक्रिया करणारे रेणूंचे तुकडे, तयार होतात. पुढे दोनपैकी एक गोष्ट जोर धरते. साखळ्या तुटत जातात, किंवा शेजारच्या साखळ्या आडव्या बंधांनी एकमेकींना जोडल्या जातात. ब्यूटाइल रबर तुटून डांबरासारखे चिकट होते. पॉलिएथिलीनमध्ये आडवे बंध पडतात. हे शास्त्रज्ञ आर्थर चार्ल्सबी यांनी ब्रिटनमधील हारवेल येथील अणुभट्टीत पाहिले आणि १९५२ साली मांडले. त्यातूनच किरणांनी बळकट केलेल्या केबल वेष्टणांचा उद्योग वाढला.

निवड करताना सर्वांत जास्त फसवते ते टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई. रसायनांना ते दाद देत नाही, घसरडे आहे, उष्णताही झेलते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील ओक रिज येथे युरेनियम हेक्साफ्लोराइड हे अतिशय संक्षारक संयुग हाताळताना गॅस्केटसाठी ते वापरले गेले, आणि ती निवड योग्यच होती. तिथे मुख्य संकट रासायनिक हल्ल्याचे होते, गॅमा किरणांचे नव्हे. तीव्र गॅमा क्षेत्रात मात्र हेच पीटीएफई सगळ्यांत आधी ढासळते. हवेत सुमारे १ किलोग्रेपासूनच त्याची ताकद घसरू लागते, आणि त्यातून सुटणारी फ्लोरिनयुक्त द्रव्ये भोवतालचे धातू खातात. भरपूर मात्रा मिळालेला त्याचा पांढरा तुकडा खडूसारखा भुगा होतो. शाई आणि वंगणात घालायची पीटीएफईची बारीक भुकटी करण्यासाठी कारखान्यांत त्याच्या भंगारावर मुद्दाम इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. व्हॉल्व्हच्या यादीत सवयीने ‘टेफ्लॉन सीट’ लिहिणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

टिकतात ती बेंझीन वलये असलेली पॉलिमर. वलयातले इलेक्ट्रॉन एका बंधाला बांधलेले नसतात. आलेली ऊर्जा ते वलयभर पसरवतात आणि बंध न तुटता ती उष्णतेच्या रूपात निघून जाते. ३४३ अंश सेल्सिअसला वितळणारे पीक, म्हणजे पॉलिइथर-इथर-कीटोन, सुमारे १० मेगाग्रेपर्यंत उपयोगी राहते. टेफ्लॉनच्या मानाने हे दहा हजार पट. पॉलिइमाइड त्याच्याही पुढे जाते, पण गरम पाणी, वाफ आणि अल्कली यांत त्याचे जलविघटन होते. म्हणून कोरड्या जागी पॉलिइमाइड आणि वाफेच्या सान्निध्यात पीक, अशी विभागणी शहाणपणाची. लवचीक सीलसाठी इपीडीएम रबर बहुधा बरे पडते, मात्र खनिज तेलाशी त्याचे जमत नाही.

मात्रेचा आकडा एकटा पाहून निवड करणे धोक्याचे आहे, हे अमेरिकेतील सॅव्हाना रिव्हर अणुकेंद्रातील केबलींनी दाखवून दिले. पीव्हीसीच्या आवरणातले पॉलिएथिलीन वेष्टण बारा वर्षांत ठिसूळ होऊन तडकले. तापमान सरासरी ४३ अंश आणि मात्रा जास्तीत जास्त २५ किलोग्रे, म्हणजे एका सिरिंजला काही तासांत मिळते तेवढीच. झटपट चाचण्यांनी हे पॉलिएथिलीन आधी सुरक्षित ठरवले होते. प्रयोगशाळेत मात्रा इतक्या वेगाने दिली जाते की ऑक्सिजनला आत झिरपायला अवधीच मिळत नाही आणि फक्त पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होते. संथ माऱ्यात ऑक्सिजन पार गाभ्यापर्यंत पोचतो आणि आतूनही प्लास्टिक खराब करतो. अमेरिकेच्याच सँडिया प्रयोगशाळेच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली : आधी किरण आणि मग उष्णता दिली तर पॉलिएथिलीनची वाताहत होते, हाच क्रम उलटा केला तर नुकसान बरेच कमी होते.

प्लास्टिकात मिसळलेल्या पदार्थांकडेही बघावे लागते. नेहमीच्या ई-काचेच्या तंतूंत बोरॉन असतो. तो न्यूट्रॉन गिळून अल्फा कण सोडतो आणि आसपासचे रेझिन आतून पोखरतो, म्हणून न्यूट्रॉनच्या जागी बोरॉनरहित काच घेतात. क्लोरीन असलेली प्लास्टिके स्टेनलेस स्टीलजवळ टाळतात, कारण सुटलेल्या क्लोराइडमुळे ताणाखालच्या पोलादाला भेगा पडतात.

तुलनेसाठी आंतरराष्ट्रीय मानकात ‘किरणोत्सर्ग निर्देशांक’ ठरवलेला आहे. ज्या मात्रेला ठरलेला गुणधर्म निम्म्यावर येतो, त्या मात्रेचा ग्रेमधील लॉगॅरिदम (१० चा कितवा घात) म्हणजे हा अंक; ७ म्हणजे १० मेगाग्रे. केबलसाठी मात्र तुटण्याआधीची लांबण (ताणल्यावर वाढणारी लांबी) मूळ लांबीच्या ५० टक्क्यांवर आली की आयुष्य संपले, असे सर्रास धरतात. अपघातातही चालू राहायला हव्या त्या केबलींना आयुष्यभरात साचणारी आणि अपघातात मिळणारी धरून एकूण २ मेगाग्रे मात्रा देण्याचा प्रघात आहे, आणि त्यावर वाफेची कसोटी.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. अशी केंद्रे दशकानुदशके चालवायची तर चाचणीच्या कागदावर विसंबून भागत नाही. त्यामुळे अनेक देशांत खऱ्या केबलीचे जादा तुकडे भट्टीच्या सर्वांत उष्ण आणि सर्वांत तीव्र किरणांच्या जागी टांगून ठेवतात, आणि ठरावीक वर्षांनी त्यांतला एकेक काढून ताणून पाहतात.