सोनार किती हलला, हे तळच सांगतो

खोल समुद्रात उजेड नसतो, त्यामुळे तळाचं चित्र आवाजानेच काढावं लागतं. ते काढणारं उपकरण म्हणजे सोनार: तो ध्वनी सोडतो आणि तळावरून परतलेला प्रतिध्वनी ऐकतो. अडचण अशी, की पाण्यात ध्वनी सेकंदाला जेमतेम १५०० मीटर जातो; रडारच्या लहरींपुढे ही गोगलगायच. प्रतिध्वनी परत येईपर्यंत जहाज डोललेलं असतं, त्याचं पुढचं टोक वर-खाली झालेलं असतं.

पाणी १०० मीटर खोल आहे आणि ध्वनीचा किरण ४५ अंशांत तिरपा सोडलाय असं धरा. डोलण्याच्या मोजणीत एका अंशाची चूक झाली, तर तिथली खोली पावणेदोन मीटरने चुकते. म्हणून डोलणं मोजणारे संवेदक सोनारच्या जोडीला असतातच. पण त्यांचं घड्याळ सोनारच्या घड्याळाशी काही मिलिसेकंदांनी जुळलं नाही, तरी नकाशाच्या कडांना लाटांसारख्या रेघा उमटतात. नवख्याला त्या वाळूच्या लाटा वाटतात.

सिंथेटिक ॲपर्चर सोनारचं दुखणं याहून नाजूक. पाण्याखालचं स्वयंचलित यान पुढे सरकताना ध्वनीचे स्पंद सोडत जातं आणि अनेक स्पंदांचे प्रतिध्वनी गणिताने जोडून जणू एकच लांबलचक सोनार वापरल्यासारखं चित्र मिळवतं. नॉर्वेच्या ह्यूगिन यानांवरचा हायसास सोनार अशा रीतीने काही सेंटिमीटरपर्यंतचा तपशील दाखवतो. पण १०० किलोहर्ट्झला तरंगलांबी १५ मिलिमीटर असते. यान वाटेत एक-दोन मिलिमीटर आडवं सरकलं आणि ते हिशेबात धरलं नाही, तर चित्र धूसर होऊ लागतं. जीपीएसचा संदेश पाण्याखाली पोचत नाही, आणि पोचला असता तरी एवढ्या अचूकतेला तो पुरला नसता.

यावरचा उपाय मला या साऱ्या तंत्रातला सर्वांत देखणा भाग वाटतो. सोनारवर ग्राहकांची, म्हणजे प्रतिध्वनी ऐकणाऱ्या संवेदकांची, एक रांग असते. यानाचा वेग असा ठेवतात, की दोन स्पंदांमध्ये ते रांगेच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी पुढे जावं. मग आधीच्या स्पंदाला पुढच्या ग्राहकांनी जे ऐकलं, तेच नंतरच्या स्पंदाला मागचे ग्राहक ऐकतात. दोन्ही प्रतिध्वनी जुळायलाच हवेत. त्यांत वेळेचा फरक पडला, तर यान तेवढं बाजूला सरकलं. एक मिलिमीटर सरकण्याचा अर्थ १.३ मायक्रोसेकंदांचा फरक, आणि तो मोजता येतो. यासाठी तळावर ओळखीची खूण लागत नाही. साधा खडबडीत तळही चालतो. किंमत मात्र मोजावी लागते: काही ग्राहक या पडताळणीत गुंततात, म्हणून यान हळू चालवावं लागतं.

या युक्तीला यानाचं किंचित वळणं नीट कळत नाही, आणि छोट्या चुका साठत जातात. तिथे जायरोस्कोप कामाला येतो. वळण मोजण्यात तो पटाईत. म्हणून दोघांची मोजमापं एकत्र करतात. त्यानंतरही धूसरपणा राहिलाच, तर संगणक चित्रातले ठळक ठिपके रेखीव होईपर्यंत दुरुस्ती बदलत राहतो.

यान एका सरळ ओळीतून दुसरीत वळतं, तेव्हाची नोंद मात्र सहसा वापरतच नाहीत. एवढं मोठं वळण दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुढची ओळ सरळ चालवणं सोपं.