रुपयाच्या नाण्यापासून 'स्टायलिश'पर्यंत

भाचा सुट्टीला बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी आला की माडीवरच्या टीव्हीला त्याचं प्लेस्टेशन जोडलं जातं आणि 'डेव्हिल मे क्राय ५' हा राक्षसांशी मारामारीचा खेळ सुरू होतो. परवा बघतोय तर एकच मिशन चौथ्यांदा चाललेलं. म्हटलं, अरे पार झालंय की, पुढं जा. तर म्हणाला, "मामा, पार झालंय, पण बी आलाय. एस पाहिजे."

मिशन कसं खेळलात त्यावर शेवटी एक अक्षर मिळतं, एस सगळ्यात वरचं. हरलेला माणूस परत खेळतो हे समजतं. जिंकून परत खेळायचं, ते अक्षर बदलावं म्हणून, ही सवय मात्र पोरांना मुद्दाम लावली गेली आहे. तिची मुळं शोधत गेलं की आपण बेळगावातल्या जुन्या व्हिडिओ गेम पार्लरपर्यंत येतो.

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना 'मुस्तफा' आठवत असेल. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', काढला ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीनं, १९९३ साली. पण ते नाव कोण घेणार? पिवळ्या टोपीचा मुस्तफा त्यातला सगळ्यात चपळ गडी, म्हणून अख्खा खेळच त्याच्या नावानं ओळखला जाऊ लागला. आम्ही रुपयाची नाणी मुठीत घट्ट धरून रांगेत उभे राहायचो. ते खेळ अवघड होते, कारण अवघडपणावरच धंदा चालायचा. पोरगं लवकर मेलं की नाणं पडतं. पेटीच्या पोटात बारके स्विच असायचे. ते फिरवले की खेळ आणखी कडक व्हायचा, आणि किल्ली मालकाच्या खिशात. पण मारतच राहिलं तर गिऱ्हाईक उठून जातं. म्हणून मेल्यावर 'चूक माझीच होती' असं पोराला वाटलं पाहिजे, हे जपानी कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच कंपनीचा १९९१ चा 'स्ट्रीट फायटर २'. एकाला लागून दुसरा फटका, ज्याला पोरं कॉम्बो म्हणतात, तो त्यात कुणी ठरवून घातलेला नव्हता. गाडी फोडायच्या बोनस फेरीची तपासणी चालू असताना कॅपकॉमच्या नोरिताका फुनामिझू यांच्या ध्यानात आलं की वेळ अचूक साधली तर पहिला फटका पुरा व्हायच्या आत दुसरा सुटतो. होता तो दोषच. पण साधायला इतका अवघड की ठेवला तरी बिघडत नाही, असं ठरलं. पुढं तोच खेळाचा जीव झाला.

दहा वर्षांनी कॅपकॉममध्येच पुन्हा तसंच घडलं. हिदेकी कामिया हे १९९८ च्या 'रेसिडेंट ईव्हिल २' या भयखेळाचे दिग्दर्शक. त्यांच्या गटाकडं चौथ्या भागाचं काम आलं. मंडळी स्पेन आणि इंग्लंडला जाऊन जुन्या गढ्या-चर्चचे फोटो काढून आली. पण कामियांचा नायक भीतीनं चाचपडत चालणारा नव्हताच, तो राक्षसासमोर फुशारक्या मारायचा. निर्माते शिंजी मिकामी यांना हे भयखेळाच्या चौकटीत बसेना. मग त्याचाच वेगळा खेळ करायचं ठरलं. त्या सुमारास कंपनीत 'ओनिमुशा' हा तलवारीचा खेळ तयार होत होता. तो खेळून बघताना कामियांना एक दोष दिसला : तलवारीचे वार चालू ठेवले तर शत्रू खाली पडतच नाही, हवेत उसळत राहतो. तिकडं तो काढून टाकायचा दोष होता. इकडं त्याच्यावर अख्खा खेळ उभा राहिला. 'डेव्हिल मे क्राय' ऑगस्ट २००१ मध्ये जपानात प्लेस्टेशन २ वर आला.

त्यातली पहिलीच झटापट बघा. कळसूत्री बाहुल्या अंगावर येतात. नायक डान्टेनं तलवारीनं एकीला खालून वर उडवायचं आणि ती खाली यायच्या आत एबनी-आयव्हरी या जोड-पिस्तुलांनी गोळ्या झाडत वरच लटकवून ठेवायची. पडद्याच्या कडेला शब्द उमटतो : डल. मग कूल, ब्राव्हो, अ‍ॅब्सोल्यूट आणि शेवटी स्टायलिश. पहिली अक्षरं घेतली की डी, सी, बी, ए, एस. भाच्याच्या बीचं कूळ हे. नुसतं बटण बडवूनही बाहुली मरते, पण शब्द डलच्या वर जात नाही. घरच्या खेळात नाणं टाकायचं नसतं, मग तो अवघड कशाला करायचा, या प्रश्नाला कामियांचं उत्तर हे होतं. पैसे जायची भीती संपली होती, तिच्या जागी इज्जत आली.

नाणंही पुरतं गेलं नव्हतं म्हणा. मेल्यावर जवळच उठायचं तर पिवळा गोळा लागायचा, तो नसला की शेवटच्या सेव्हपासून सगळं पुन्हा. तिसऱ्या मिशनमध्ये चर्चच्या दालनात लाव्हारसाचा कोळी येतो, फँटम. त्याच्या कवचावर तलवार आपटली की खण्णकन परत येते, तोंडावर वार करावा लागतो. सुरुवातीलाच वारंवार मेलात की खेळ शांतपणे सांगायचा, आता 'ईझी ऑटोमॅटिक', म्हणजे सोपी पातळी, निवडता येईल. त्याच्याइतका अपमान शाळेत कुणी केला नसेल.

आमच्याकडं हा खेळ उशिरा पोचला, २००५-०६ च्या आसपास, तासावर प्लेस्टेशन देणाऱ्या दुकानांतून. पाटी कुठल्या भाषेत हवी यावरून या शहरात किती रामायणं झाली, आमच्या दुकानाला पाटीच नव्हती. आत तीन टीव्ही आणि सगळ्यांत मिळून खेळ साठवायचं (सेव्ह करायचं) एक मेमरी कार्ड, ८ एमबीचं. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एकाच बाकावर चिकटून बसायची, आणि वादाचा विषय एवढाच की माझ्या सेव्हवर तुझा सेव्ह कुणी केला. माझं अकरावं मिशन असंच गेलं. त्यात जुलैतला बेळगावचा पाऊस. फँटम शेवटच्या घटकेला आला की लाईट गेलीच म्हणून समजा. तास मात्र चालूच.

२००३ चा दुसरा भाग सोपा निघाला, आणि लोक त्याच्यावरच नाराज झाले. या खेळाच्या ओढीबद्दल यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. हिदेआकी इत्सुनो त्या कामावर उशिरा आले होते. मूळचे ते मारामारीच्या खेळांतले. २००५ चा तिसरा भाग त्यांनी सुरुवातीपासून हाती घेतला आणि खेळणाऱ्याला आपली शैली निवडायला दिली : चपळाईची, तलवारीची, पिस्तुलांची की वार अंगावर झेलून परतवण्याची. तोच तो वार पुन्हा मारला तर गुण वाढत नाहीत, हेही त्यात पक्कं झालं. शिवाय अमेरिकेत विकताना जपानी 'हार्ड' पातळीला 'नॉर्मल' असं नाव दिलं. आमच्या दुकानातली चकती नेमकी अमेरिकन. तीन तोंडांच्या बर्फाळ कुत्र्यापुढं पोरं आठवडाभर अडकली, आणि दोष आम्ही कंट्रोलरला देत होतो. २००६ च्या विशेष आवृत्तीत पातळ्या जपानसारख्या लावल्या, तोवर आमची बोटं वठणीवर आली होती.

बाकीचं थोडक्यात. २००४ चा 'निंजा गायडन' अवघडपणात याच्याही पुढचा, पण मला त्यात थट्टा कमी वाटली. कामिया पुढं कॅपकॉम सोडून गेले आणि २००९ मध्ये त्यांनी 'बायोनेटा' काढला. त्यात वार अगदी शेवटच्या क्षणी चुकवला तर काळच मंदावतो. 'डेव्हिल मे क्राय'चा चौथा भाग २००८ चा. २०१३ मध्ये निंजा थिअरी या ब्रिटिश स्टुडिओनं नवा अवतार काढला, तेव्हा नायकाच्या केसांवरून जगभर भांडणं झाली. खरी तक्रार दुसरीच होती. पहिल्या भागापासून सेकंदाला ६० चित्रं पळत होती, कन्सोलवर ती ३० वर आली. वार चुकवायला मिळणाऱ्या पापणीभर वेळावर जो खेळ उभा आहे, त्यात हा फरक बोटांना कळतो.

मग पोरांनी थेट मार्च २०१९ ची वाट बघितली. इत्सुनोंचा पाचवा भाग तेव्हा आला. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे संगीत. डी-सीवर असताना गाणं दबकत चालतं, अक्षर चढत गेलं की तेही चढतं, आणि एस आला की धृपद फुटतं. मार खाल्ला की परत खाली. आमच्या भागात जत्रेची कुस्ती बघितलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हलगीवाला तेच करतो. जोड नुसती खडाखडी करत असली की हलगी रेंगाळते, एकानं पट काढला की तिची लय वाढते. आणि वर बसून वेळ काढणाऱ्या पैलवानाला लोक ओरडून हैराण करतात. तो जिंकला तरी फेटे उडत नाहीत.

आमचे अण्णा तरुणपणी तालमीत जायचे. भाच्याचा पाचवा प्रयत्न चालू असताना ते वर आले आणि आरामखुर्चीत बसले. राक्षस कोण, नायक कोण, त्यांना काही विचारायचं नव्हतं. दोन-तीन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "तोच तोच डाव काय मारायलास गा? दुसरं कायतरी काढ की."

"आज्जा, गप बस की," भाचा म्हणाला. पण पुढच्या राक्षसाला त्यानं आधी तलवारीनं वर उडवलं, मग पिस्तुलं काढली.