समुद्र बगळा, लहान बगळा आणि मधलेच काही

ओहोटी लागली की गोव्यातल्या चोडण बेटाच्या चिखलावर, खाजनातल्या (बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) मानशीच्या, म्हणजे पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी पांढरे बगळे जमतात. त्यांतला एखादा समुद्र बगळा आणि लहान बगळा या दोन जातींचा ‘संकर’ असल्याचे पक्षिनिरीक्षकांकडून अधूनमधून ऐकू येते. ही शंका जुनीच आहे.

लहान बगळ्याला लिनियसने १७६६ मध्ये नाव दिले, समुद्र बगळ्याला बॉस्कने १७९२ मध्ये. समुद्र बगळ्याच्या आपल्या किनाऱ्यावरच्या उपजातीचे वर्णन हेम्प्रिश आणि एरेनबर्ग यांनी १८२८ मध्ये केले. पुढे १९४२ मध्ये जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायरने जातीची व्याख्या आपसातल्या प्रजननाशी बांधली, आणि मिश्र वसाहतींतल्या दोन जातींच्या जोड्या डोकेदुखी ठरल्या. काही अभ्यासकांनी समुद्र बगळ्याला लहान बगळ्याची उपजात ठरवून टाकले. आज बहुतेक याद्यांत तो पुन्हा स्वतंत्र आहे.

वीण एकाच झाडावर, तुरे सारखेच. आपल्या जातीचा जोडीदार मिळाला नाही तर शेजारचा चालतो. युरोपात भरकटलेल्या समुद्र बगळ्यांचे असे संकर नोंदले गेले आहेत. पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रे भिन्न असतात, त्यामुळे जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनच्या १९२२ च्या नियमाप्रमाणे वंध्यत्व आधी संकरित माद्यांत दिसते. पण जाती इतक्या जवळच्या असल्या, की संततीची वीण सहसा थांबत नाही.

गफलत होते ती रंगामुळे. समुद्र बगळा राखाडी आणि पांढरा अशा दोन्ही रूपांत असतो. पांढऱ्यावर राखाडी ठिगळे दिसली म्हणून तो संकर होत नाही. आधी चोच बघावी: समुद्र बगळ्याची बुडाशी जाड, पिवळट-तपकिरी, टोकाकडे किंचित झुकलेली, लहान बगळ्याची बारीक, काळी, सरळ. मग पाय: लहान बगळ्याचा पिवळा रंग पंजापाशीच तुटतो, समुद्र बगळ्याचा बहुधा नळीवर चढतो. पिल्लू लहान बगळ्याची चोच फिकट आणि पाय हिरवट असतात, तिथेच निम्मे ‘संकर’ जन्माला येतात. उरलेल्यांचे पाय खाजनाच्या चिखलाने माखलेले असतात. म्हणून चोच अगदी बाजूने आणि पाय धुतलेले असे दोन फोटो हवेतच.

संकराची वीण मूळ जातीशी झाली, की एक-दोन पिढ्यांत बाह्य खुणा पुसतात. मग डीएनएच लागतो, आणि तोही पेशीकेंद्रकातला. मायटोकाँड्रियातला फक्त आईकडून येतो, बाप कोण ते त्यातून कळत नाही.