विमानात पाच टक्के हिस्सा: सामाईक मालकीच्या नियमांची पार्श्वभूमी

आपल्याकडे सामाईक विहीर असते. सातबाऱ्यावर चार भावांचे चार-चार आणे, मोटरच्या पाळ्या ठरलेल्या आणि मोटर जळाली की वर्गणी किती, हे सगळ्यांना तोंडपाठ. ब्रिटनमध्ये दोन-चार आसनांची छोटी हौशी विमाने बहुतांशी अशाच रीतीने बाळगली जातात. आठ-दहा जण मिळून एखादे सेसना 172 किंवा पाइपर चेरोकी घेतात. दर महिन्याला ठरलेली रक्कम भरतात, उडवले तेवढ्या तासांचे पैसे वेगळे देतात, आणि शनिवारची सकाळ कोणाची हे वहीत लिहून ठेवतात. तिकडे याला साधे नाव आहे: ग्रुप. ग्लायडरवाले, म्हणजे बिनइंजिनाची विमाने उडवणारे, सिंडिकेट म्हणतात.

या ग्रुपांना लागू असलेला मुख्य नियम दोन आकड्यांत मावतो. हिस्सेदार जास्तीत जास्त 20, आणि प्रत्येकाचा हिस्सा किमान 5 टक्के. म्हणजे सर्वांत लहान हिस्सेदाराकडे रुपयातला एक आणाही येत नाही, तरी कायद्याच्या नजरेत तो पुरा मालक. खरे तर आकडा एकच आहे, कारण पाच टक्क्यांची अट घातली की विसाच्या वर माणसे मावतच नाहीत. हा आकडा समजून घ्यायचा तर आधी कायद्याला भीती कशाची वाटत होती, ते पाहावे लागते.

पहिल्या महायुद्धानंतर 1919 साली पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येक विमान कोणत्या तरी एकाच देशाच्या नोंदवहीत असले पाहिजे, हे तत्त्व त्यात आले आणि 1944 च्या शिकागो करारात ते कायम राहिले. नोंदवही म्हटली की मालकाचे नाव आले. ब्रिटनने 1920 मध्ये हवाई वाहतुकीचा स्वतःचा कायदा केला आणि त्यात एक मोठी देवघेव केली. वाजवी उंचीवरून विमान गेले एवढ्याच कारणासाठी जमीनमालकाला अतिक्रमणाचा दावा लावता येणार नाही. मात्र विमानामुळे किंवा त्यातून पडलेल्या वस्तूमुळे खाली कोणाचे नुकसान झाले, तर भरपाई विमानाच्या मालकाने द्यायची, आणि त्यासाठी निष्काळजीपणा सिद्ध करण्याचीही गरज नाही. ही तरतूद 1949 च्या आणि पुढे 1982 च्या कायद्यात जवळपास तशीच उतरली.

सामाईक मालकीच्या सगळ्या नियमांचे मूळ मला या कलमात दिसते. कारण ‘मालक’ या शब्दात घरी झोपलेला हिस्सेदारही येतो. विमान दुसऱ्याने उडवले, कौले तिसऱ्याची फुटली, तरी नाव आपले आहे. भाड्याने विमान घेणारा पैसे देऊन मोकळा होतो. हिस्सेदाराला तशी मोकळीक नसते.

सुरुवातीच्या काळात मात्र सामान्य माणसाला मालकी परवडेल असे विमानच नव्हते. 1923 मध्ये केंट किनाऱ्यावरच्या लिम्प्ने येथे स्वस्त, हलक्या विमानांची स्पर्धा भरली. तिथे दोन विमानांनी एका गॅलन इंधनात 87.5 मैल कापून बरोबरी साधली. कौतुक झाले, पण ही यंत्रे इतकी नाजूक होती की रोजच्या वापराला निरुपयोगी. तोडगा काढला विमाने बनवणारे जेफ्री डी हॅविलंड यांनी. त्यांच्यासाठी इंजिने रचणारे फ्रँक हॅलफर्ड यांनी युद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरच्या रेनॉ इंजिनाचे अर्धे केले आणि त्यातून चार सिलिंडरचे, साठ अश्वशक्तीचे सिरस इंजिन उभे केले. ते बसवलेले डीएच 60 मॉथ फेब्रुवारी 1925 मध्ये पहिल्यांदा उडाले. दोन आसने आणि घडी घालता येणारे पंख, त्यामुळे मोठ्या हँगरचीही, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचीही, गरज नाही.

त्याच वर्षी ब्रिटिश हवाई मंत्रालयाने अनुदान देऊन हलक्या विमानांचे क्लब सुरू केले. लंडनचा क्लब ऑगस्ट 1925 मध्ये स्टॅग लेनच्या मैदानावर सुरू झाला. लँकेशायर आणि न्यूकॅसलचे क्लबही पहिल्याच फळीतले. हा साचा हिंदुस्थानातही आला. 1928 मध्ये जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. त्याच क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. या साच्यात विमान क्लबचे असे, सभासद तासाचे पैसे भरून उडवत. विमान कोणी जपायचे, इंजिन कोणी बदलायचे, नुकसानभरपाई कोणी द्यायची, ही सगळी काळजी क्लबची. आपल्याकडे पुढेही हौशी उड्डाण बहुतेक क्लबांच्याच आधाराने चालले. ब्रिटनने मात्र दुसरी वाटही धरली.

ती वाट आधी ग्लायडरवाल्यांनी मळली. 1929 मध्ये ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशन स्थापन झाली, आणि 1930 च्या लंडन ग्लायडिंग क्लबने पुढे डनस्टेबलच्या टेकडीखाली बस्तान बसवले. त्या काळात ग्लायडर उडवायचे कसे, ते पाहण्यासारखे आहे. टेकडीच्या कडेला ग्लायडर ठेवायचे, शेपटीला एक-दोघांनी धरून बसायचे. नाकाला जाड रबरी दोर अडकवून त्याची दोन टोके इंग्रजी व्ही अक्षरासारखी पसरायची, आणि प्रत्येक टोकाला तीन-चार माणसांनी आधी चालत, मग उताराच्या दिशेने धावत सुटायचे. दोर ताणला की शेपूट सोडायची. एका माणसाच्या दोन-चार मिनिटांच्या तरंगण्यासाठी आठ-दहा जणांची धाव. ज्या छंदाला इतके हात लागतात त्यात चौघांनी मिळून ग्लायडर घेणे ओघानेच आले. आज विंच (दोर गुंडाळून ग्लायडर ओढणारे यंत्र) किंवा ओढणारे विमान असले तरी सिंडिकेटची सवय टिकून आहे.

इंजिनाच्या विमानांत ही सवय रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धकाळात बंद असलेले खासगी उड्डाण ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1946 पासून पुन्हा सुरू झाले. हवाई दलातून सुटलेले हजारो वैमानिक होते, पण पगार तुटपुंजे आणि इंधन महाग. त्याच वर्षी अल्ट्रा लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन निघाली. स्वतः बांधलेली किंवा अगदी साधी विमाने, आणि ती चालवायला मित्रांचे गट, हा तिचा पाया. 1952 मध्ये तिचे नाव पॉप्युलर फ्लाइंग असोसिएशन झाले, 2008 मध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन. नावे बदलली तरी मुद्दा तोच राहिला: गिरणीतल्या फोरमनला किंवा शाळामास्तरला उडता आले पाहिजे.

या संस्थेच्या देखरेखीखालच्या विमानांना कारखान्यात बनलेल्या विमानांसारखे पूर्ण उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र नसते. त्यांना ‘परमिट टू फ्लाय’ मिळते. कागदपत्रे हलकी, देखभाल स्वस्त, बरीचशी कामे मालकाने स्वतः करावीत अशी मुभा. बदल्यात एक बंधन बराच काळ कडकपणे पाळले गेले: असे विमान भाड्याने द्यायचे नाही. म्हणजे ते उडवायचे तर मालक व्हायलाच हवे. एकट्याने शक्य नसेल तर हिस्सेदार.

इथे कायद्याची अडचण सुरू होते. ब्रिटिश हवाई आदेश (एअर नेव्हिगेशन ऑर्डर, म्हणजे उड्डाणाची सरकारी नियमावली) उड्डाण खासगी की व्यावसायिक हे ठरवताना विचारतो: या उड्डाणासाठी कोणी मोबदला दिला का? दिला असेल तर व्यावसायिक परवाना, व्यावसायिक देखभाल, तपासण्या, सगळा पसारा आला. आणि ग्रुपमधला माणूस तर तासाचे पैसे भरतच असतो. शब्दशः पाहिले तर तो भाडेच देतो आहे. मग स्वतःच्या विमानात बसलेल्या दहा हौशी माणसांना विमान कंपनीचे नियम लावायचे का?

म्हणून अपवाद लिहिला गेला, आणि तो फार विचारपूर्वक लिहिलेला आहे असे मला वाटते. सहमालकांनी दिलेले पैसे मोबदला धरायचे नाहीत, पण दोनच प्रकारचे: त्या उड्डाणाचा प्रत्यक्ष खर्च, आणि विमानाचा वार्षिक खर्च. इंधन, तेल, उतरण्याचे शुल्क पहिल्यात. विमा, हँगर, वार्षिक तपासणी दुसऱ्यात. नफ्याला जागा नाही. सहमालक ही खरीखुरी माणसे हवीत. कंपनी काढून विमान तिच्या नावे ठेवता येते, पण मग भागधारक तीच माणसे आणि प्रत्येकाकडे किमान 5 टक्के भाग. नोंदवहीत सगळ्यांची नावे घालता येतात, किंवा एक-दोघांना विश्वस्त म्हणून पुढे करून बाकीच्यांची यादी नागरी विमान प्राधिकरणाला लेखी कळवता येते. ब्रिटिश नोंदवहीत ‘विश्वस्त’ असा उल्लेख असलेली विमाने त्यामुळेच इतकी दिसतात. इथे एक गैरसमज नेहमी होतो. ही नोंदवही मालकी हक्काचा पुरावा नाही, असे प्राधिकरण स्वतःच सांगते. हक्क सिद्ध करायचा तर खरेदीखत आणि ग्रुपचा करारच दाखवावा लागतो.

आता पाच टक्क्यांचा अर्थ लागतो. तळाची मर्यादा नसती तर कोणीही दहा पौंडांना दोनशे जणांना ‘हिस्सा’ विकून भाड्याचा धंदा मालकीच्या नावाखाली चालवला असता. ज्याचा विमानात खरा पैसा अडकलेला आहे, तो झिजलेल्या टायरकडे मालकासारखा पाहतो. नावापुरता हिस्सा घेतलेला गिऱ्हाइकासारखा पाहील. त्या गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठीच तर व्यावसायिक नियम आहेत.

हिस्सेदारी वेगळी आणि प्रवाशांबरोबर खर्च वाटून घेणे वेगळे, हेही लक्षात ठेवायला हवे. मित्राला सोबत नेले आणि त्याने पेट्रोलचे अर्धे पैसे दिले, यासाठी वेगळी सवलत आहे. ब्रिटनमध्ये ती वैमानिकासह चौघांपुरती होती. युरोपीय नियमांनी 2014 मध्ये सहा जणांपर्यंत नेली. वैमानिकाने आपलाही वाटा भरायचाच.

ही रेघ पुसली गेली की काय होते, ते जानेवारी 2019 मध्ये जगाने पाहिले. फुटबॉलपटू एमिलिआनो साला याला फ्रान्समधून कार्डिफला आणणारे एक इंजिनाचे पाइपर मालिबू इंग्लिश खाडीत कोसळले. साला आणि वैमानिक दोघेही गेले. वैमानिकाकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नव्हता, रात्री उडण्याची पात्रताही नव्हती, असे चौकशीत आढळले. ते ग्रुपचे विमान नव्हते. पण मोबदल्याचा प्रश्न कायदा इतक्या चिकाटीने का विचारतो, हे या घटनेनंतर कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

युरोपीय संघात असताना आणखी दोन गोष्टी आल्या. 2005 पासून त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला, विमानाच्या वजनानुसार किमान रकमांसह. झोपलेल्या हिस्सेदाराची जुनी भीती त्यामुळे बरीच कमी झाली. दुसरी गोष्ट देखभालीची: काही साधी कामे वैमानिक-मालकाला स्वतः करण्याची मुभा मिळाली आणि सहमालकही त्यात धरले गेले.

सरकारी नियम इथे संपतात. पुढचे सगळे ग्रुपच्या करारात, आणि भांडणे होतात ती तिथेच. इंजिनाचेच घ्या. अशा विमानांत सर्रास आढळणाऱ्या लायकमिंग ओ-320 इंजिनाची कारखान्याने सुचवलेली पूर्ण दुरुस्ती 2000 तासांनी येते, आणि तिचा खर्च साध्या माणसाची कंबर मोडणारा असतो. समजा एक सभासद 1100 व्या तासाला आला, मनमुराद उडला आणि 1900 व्या तासाला हिस्सा विकून गेला. दुसरा त्याच्या जागी आला आणि शंभर तासांत बिल हातात पडले. हे टाळायला शहाणे ग्रुप तासाच्या दरातच इंजिनासाठी काही पौंड बाजूला काढतात आणि तो निधी विमानासोबत राहतो, जाणाऱ्याला परत मिळत नाही. ज्या ग्रुपने दर कमी ठेवण्यासाठी हा निधी टाळला, त्याने आजचे उड्डाण उद्याच्या माणसाच्या पैशाने केले असेच म्हणायला हवे.

बाकीची कलमे लहान, पण रोजची. उन्हाळ्यातल्या किती सुट्ट्या एकाने आधी अडवायच्या. काही आठवडे न उडलेल्याने पुन्हा एकट्याने निघण्याआधी दुसऱ्या सभासदाला शेजारी घेऊन एक फेरी मारायची. अपघात झाला तर विमा देत नाही ती पहिली रक्कम त्या वेळी उडवणाऱ्याने भरायची. उतरल्यावर पंखांच्या पुढच्या कडेवरचे चिकटलेले किडे ओल्या फडक्याने पुसून, मीटरचा आकडा वहीत लिहून, मगच हँगरचे दार लावायचे.

सर्वांत अवघड कलम असते मृत्यूचे. बहुतेक ग्रुपांत पिकले केस पुष्कळ असतात. सभासद गेला की त्याचा हिस्सा पत्नीकडे किंवा मुलांकडे जातो. त्यांना उडता येत नाही, महिन्याची वर्गणी मात्र चालू राहते, आणि 1920 पासूनची ती मालकाची जबाबदारीही त्यांच्या दारात येऊन उभी राहते. म्हणून नीट लिहिलेल्या करारात वर्गणी त्या दिवसापासून थांबते, उरलेले सभासद ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पद्धतीने काढलेल्या किमतीला हिस्सा घेतात किंवा नवा माणूस शोधून देतात, आणि प्राधिकरणाकडच्या यादीतले नाव आधी बदलून घेतात.